साडी सेलच्या कॅसेटची दुसरी बाजू

गेल्या दिवाळीनंतर नांदेडला गेलो होतो, तेव्हा चहा देता देता मायनं सांगितलं की तिला अण्णांचा आवाज आठवेनासा झालाय. अण्णा म्हणजे माझे वडील. ते काय काय बोलायचे ते सगळं आठवतं म्हणाली, पण कानात आवाज म्हणून काही येत नाही. शेजारच्या बाईनं गेलेल्या नवऱ्याचे मोबाइलवरचे निरोप जपून ठेवलेत, ती रोज दुपारी ते लावून बसते, हे मायनं पाहिलं होतं. म्हणून तिनं मला विचारलं, तुझ्या त्या कॅसेटांच्या ढिगात कुठं त्यांचा आवाज सापडंल का. मी नाही म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की माझी मलाच लाज वाटली.

कारण अण्णांचा आवाज होता. खास तिच्यासाठी भरून ठेवलेला होता, आणि तो मी पुसला होता. दुसऱ्या कुणी नाही, मी. आणि कशानं पुसला, तर इटलीतल्या पाच पोरांनी वाजवलेल्या एकवीस मिनिटांच्या एका गाण्यानं. आता हे मायला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी बिस्कीट चहात बुडवून खाल्लं आणि संध्याकाळच्या गाडीनं लातूरला परत आलो.

अण्णा जाहिराती बोलायचे. ऍटोवर भोंगा बांधून गावभर फिरतात, त्या. साड्यांचा सेल, बियाणं, सर्कस, हरवलेलं लेकरू, सगळं त्यांच्या आवाजात. देगलूर, निलंग्यापर्यंत त्यांच्या कॅसेटा जायच्या. परगावी एसटीतून उतरावं आणि चौकात आपल्याच बापाचा आवाज ऐकू यावा, याचा मला त्या वयात लई संकोच वाटायचा. घरी मधल्या खोलीत खिडकीवर गोधडी टाकून त्यांचं रेकॉर्डिंग चालायचं. तेवढा वेळ मायनं फोडणी टाकायची नाही आणि मी खोकायचं नाही.

त्या धंद्याचे काही नियम होते, ते इथंच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. पहिला, जाहिरात कॅसेटच्या दोन्ही बाजूंना एकच भरायची, म्हणजे ऍटोवाल्याला उलटसुलट करत बसावं लागत नाही. दुसरा, कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारके दात असतात, ते मोडून टाकायचे. दात मोडले की रेकॉर्डिंगचं लाल बटण दबत नाही, आणि ऍटोवाल्यानं चुकून जाहिरात पुसायची भीती राहत नाही. तिसरा, सेल संपला की कॅसेट रिकामी समजायची. मोडलेल्या दातांवर चिकटपट्टी लावायची आणि पुन्हा भरायची. आमच्या घरात कॅसेट ही जपून ठेवायची वस्तूच नव्हती. जेवण झालेल्या ताटासारखं तिला घासून पुन्हा वापरायचं.

मी तेव्हा लातूरला पॉलिटेक्निकच्या होस्टेलवर होतो. माझा रूम पार्टनर देगलूरचा, मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्हींत सारख्याच सफाईनं शिव्या देणारा. त्याच्या हैदराबादच्या मामाला परदेशी रेकॉर्ड जमवायचं वेड होतं, आणि त्यांवरून भरलेल्या कॅसेटांची एक पेटीच पार्टनर सोबत घेऊन आला होता. प्रोग्रेसिव्ह रॉक हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं शेतीतलं काहीतरी असेल, प्रगतिशील शेतकऱ्यासारखं.

लातुरात भिंतीभिंतीवर बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो. पार्टनरनं कॅसेटांची वाटणीही तशीच केली होती. जगानं डोक्यावर घेतलेले, ज्यांच्यावाचून पुढं जाताच येत नाही, असे अल्बम म्हणजे बोर्डात आलेले. आणि एकच अल्बम काढून गायब झालेल्या, कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या पोरांचे, ते रिपीटर. आधी बोर्डातले पचवायचे, त्याशिवाय रिपीटरना हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक होता.

पहिला महिनाभर मला ओ की ठो कळलं नाही. गाणं सुरू होऊन पाच मिनिटं झाली तरी गायक तोंडच उघडत नव्हता. सात मात्रांचा ठेका यायचा, भजनात रूपक ऐकलेला असल्यानं माझा पाय हलायला लागायचा, तेवढ्यात एक मात्रा गळायची आणि पाय हवेतच राहायचा. मी वैतागायचो. पण एकेक गाणं कॅसेटची अख्खी बाजू व्यापून असायचं, आणि पंधरा मिनिटं भरकटून झाल्यावर पहिला सूर परत यायचा तेव्हा मी टेप मागं नेऊन तेवढंच पुन्हा ऐकायचो, हेही खरं. त्यात एक वाद्य होतं. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते आणि त्या फितीवर कुणीतरी कधीतरी धरलेला एकच सूर असतो. पट्टी दाबली की तो माणूस गातो. पार्टनर म्हणाला, यातले निम्मे गाणारे आता मेले असतील. ते ऐकलं, आणि तिथून पुढं मी या संगीताचा झालो तो झालोच.

रिपीटरांपैकी एका कॅसेटवर मामानं फक्त ‘इटली, लाल कव्हर’ एवढंच लिहिलं होतं. बॅंडचं नाव नाही, गाण्यांची नावं नाहीत. तिच्या दुसऱ्या बाजूला ते एकवीस मिनिटांचं गाणं. आधी ऑर्गन आणि ड्रमचा नुसता धिंगाणा, आणि मग मध्यावर सगळं थांबायचं. तीन मिनिटं फक्त एक बासरी, तीही लांबून, मधे मधे विसरल्यासारखी. मग पुन्हा धिंगाणा. ही कॅसेट मला स्वतःची हवी होती, आणि घरी पेटीभर कॅसेटा पडलेल्या असताना कोरी कशाला घ्यायची, असा विचार मी केला.

त्याच हिवाळ्यात अण्णांच्या घशात गाठ निघाली. जन्मभर तंबाखू खाल्ली होती. हैदराबादला ऑपरेशन ठरलं, आणि स्वरयंत्रच काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. माय त्यांच्यासोबत गेली. मी चार दिवस घर सांभाळायला नांदेडला आलो, आणि परत जाताना त्यांच्या पेटीतून एक कॅसेट उचलली. वर लिहिलं होतं, ‘साडी सेल, दिवाळी’. दिवाळी होऊन दोन महिने झाले होते. पहिली बाजू मिनिटभर लावून पाहिली, सेलच होता. दुसरी बाजू पाहिली नाही. कशाला पाहायची? दोन्हीकडं एकच असतं, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. होस्टेलवर जाऊन दातांवर चिकटपट्टी लावली, आणि पार्टनरच्या दोन कॅसेटांच्या डबल डेकवर इटलीचा अल्बम दोन्ही बाजूंना भरून घेतला.

अण्णा घरी आले त्या दिवशी मी नांदेडलाच होतो. गळ्याला भोक, त्यावर पांढऱ्या फडक्याची पट्टी. आल्या आल्या त्यांनी पेटी उघडली आणि कॅसेटा वरखाली करायला लागले. काय शोधतायत ते त्यांनी पाटीवर ‘साडी सेल’ लिहिल्यावर मला कळलं, आणि मी माझ्या पिशवीतून ती कॅसेट काढून दिली. त्यांनी दुसरी बाजू लावली. टाळी वाजवून मायला बोलावलं. ती पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. अण्णांच्या चेहऱ्यावर तेव्हा एक हसू होतं, लेकरानं काहीतरी लपवून आणावं तसलं. त्यांनी बटण दाबलं आणि ऑर्गन सुरू झाला.

त्यांनी थोडं पुढं नेऊन पाहिलं. ड्रम. आणखी पुढं नेलं. पुन्हा ड्रम. मग कॅसेट बाहेर काढली, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं. त्यात राग असता तर बरं झालं असतं. माय म्हणाली, हे काय, मला न सांगता हैदराबादहून आणलंत का, आणि हसत स्वयंपाकघरात गेली. अण्णांनी कॅसेट माझ्या हातात दिली. पाटी घेतली आणि लिहिलं, काय आहे? मी म्हणालो, इटलीतलं गाणं आहे, मोठं आहे. त्यांनी मान हलवली आणि पाटी पुसली.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. पेटी कॅसेटांसकट त्यांनी धंद्यातल्याच एकाला देऊन टाकली, तोही पुसून पुन्हा भरणाराच. माझ्याशी पाटीवर बोलायचे, दुकानदारांशी पाटीवर बोलायचे. मायला वाचता येत नव्हतं. तिच्याशी ते टाळ्या आणि हातवारे करायचे, ती अंदाज बांधायची, अंदाज चुकला की दोघंही चिडायचे. काही वर्षांनी हातवारेही कमी झाले. दोन माणसं एका घरात बसलेली असायची आणि एकटी माय बोलत असायची.

त्या कॅसेटवर काय होतं ते मला अण्णांच्या तेरवीला कळलं. ज्यांच्या ऍटोवर त्यांच्या जाहिराती बरीच वर्षं फिरल्या ते काका पंगत उठल्यावर माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी सांगितलं की ऑपरेशनच्या आधी अण्णा दोन दिवस दुपारी त्यांच्या घरी मशीन घेऊन आले होते. घरात रोज लागणारी वाक्यं त्यांनी एकामागं एक भरली, मधे मधे जागा सोडून. आवाज गेल्यावर बटण दाबून मायशी बोलायचं, असा बेत होता. तिला वाचता येत नाही, मग दुसरं काय करणार, असं म्हणाले होते. घरात आधी कुणाला कळू नये म्हणून जुन्या सेलच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला भरलं, आणि कुणी पुसू नये म्हणून मोडलेल्या दातांवरची चिकटपट्टीही काढून टाकली. काकांनी मला विचारलं, कामाला आली का ती कॅसेट? मी हाव म्हणालो. कामाला आली म्हणालो. असला हलकट माणूस आहे मी.

पुढची कितीतरी वर्षं मी ते पोटात ठेवलं. लातूरलाच एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून चिकटलो. लग्न झालं, लेकरं झाली. ती कॅसेट फेकून द्यायचा धीर झाला नाही, आणि खरं सांगायचं तर ती ऐकायचं व्यसनही सुटलं नाही. त्या तीन मिनिटांत बासरीच्या मागं कुणीतरी पुटपुटतं, फार हळू. शब्द कळत नाहीत. इटालियन असेल, प्रार्थना वगैरे असेल, असं मी धरून चाललो होतो. या संगीतात असल्या गूढ गोष्टी घालायची पद्धतच आहे. मला अख्ख्या अल्बममध्ये तेच सगळ्यात जास्त आवडायचं. किती जणांना मी ते कौतुकानं ऐकवलं असेल, विचारू नका.

मायनं आवाजाचं विचारलं त्यानंतरच्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत रिकाम्या तासाला फोनवर याद्या चाळत बसलो होतो. इंटरनेटवर त्यांचा सुकाळ आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकचे ऐकायलाच हवेत असे अल्बम, आणि खाली कमी ऐकले गेलेले अल्बम. बोर्डातले आणि रिपीटर, आमच्या पार्टनरचीच वाटणी. अशाच एका यादीच्या पार तळाशी मला ते लाल कव्हर दिसलं. इतक्या वर्षांनी त्या पोरांच्या बॅंडचं नाव कळलं. मी कानात इअरफोन घातले आणि दुसरी बाजू लावली.

ऑर्गन आला, ड्रम आले, सगळं लख्ख. मग सगळं थांबलं आणि बासरी सुरू झाली. मागं कुणीच पुटपुटत नव्हतं. मी परत लावलं. नव्हतंच. मी तिथूनच हैदराबादला पार्टनरला फोन लावला, आता तो तिकडंच असतो, आणि विचारलं. तो म्हणाला, त्यात आवाज कधी नव्हताच, तुला तेव्हाही सांगितलं होतं. टेबलावर पोरांनी मांडून ठेवलेले चुंबक होते, त्यांच्याकडं बघताना टेप कशी पुसली जाते ते आठवलं.

टेपवर आवाज एका अरुंद पट्ट्यात भरला जातो. पुसणारं यंत्र जर केसभर वर किंवा खाली बसलेलं असेल तर जुन्या आवाजाची एक बारीक कड तशीच राहते. गाणं सलग गोंगाटाचंच असतं तर ती कड कधीच ऐकू आली नसती. हे सगळं मी पोरांना शिकवणारा माणूस. दुसऱ्या दिवशी कपाटातला जुना टेपरेकॉर्डर काढला, टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू थोडा थोडा फिरवत गेलो, आणि दुपारी तिसऱ्या तासाला अण्णा बोलले. ‘ऐकलं का.’ मग जागा. ‘मी आलो. दार उघड.’ जागा. ‘चहा ठेव, साखर कमी.’ जागा. ‘तू जेवलीस का?’ जागा. ‘बस जरा इथं, काम राहू दे.’ मग ड्रम, आणि ड्रमखाली बाकीचं आयुष्य गाडलेलं. जाहिरातीतला आवाज नव्हता तो. घरातला होता. मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि रडलो.

नांदेडला जायला तरी मी दीड महिना लावला. कधी परीक्षा, कधी पाहुणे, कारणांना काय तोटा. शेवटी एका रविवारी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन एसटीत बसलो.

माय गहू निवडत होती. मी सांगितलं काहीच नाही, नुसतं लावलं. ऑर्गनवर तिनं तोंड वाकडं केलं, डोकं उठतंय म्हणाली. मी म्हणालो, थांब जरा. बासरी आली. ‘ऐकलं का,’ अण्णा म्हणाले. मायचा हात गव्हातच राहिला. ती पाचही वाक्यं तिनं ऐकली, आणि ड्रम सुरू झाल्यावर माझ्याकडं वळली.

“इतकं हळू का बोलून राहिले ते?”

मग मी सगळं सांगितलं. सेलची कॅसेट, दोन्ही बाजू, चिकटपट्टी, काकांनी विचारलेलं, मी हाव म्हणालो ते. हैदराबादहून आल्यावर त्यांनी टाळी वाजवून तिला का बोलावलं होतं, तेही सांगितलं.

“अकरा वर्षं मी एकटीच बोलले,” ती म्हणाली. “मला वाटायचं, त्यांना माझ्याशी बोलूच वाटत न्हाई.”

चुकलं माझं माय, म्हणालो. ती असू दे म्हणेल, असं मला कुठंतरी वाटत होतं. आई असतेच तशी, असं आपण धरून चालतो. ती म्हणाली, “हाव. चुकलं.” सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला. “पुन्हा लाव. आन् तू बाहेर जाऊन बस.”

मी कॅसेट मागं नेली, बटण दाबलं आणि बाहेर आलो. मागून तिनं आतून कडी लावली. मी पायरीवर बसलो. आत ऑर्गन वाजत होता, समोरून कुणीतरी स्कूटर ढकलत नेत होतं. मग ड्रम थांबले. अण्णांचा आवाज बाहेर ऐकू येण्याइतका मोठा नव्हताच.

“बोला की,” माय आत म्हणाली.

‘दार उघड’ यायच्या वेळेला कडी निघाली. दार उघडलं. माय दारात उभी होती, माझ्या डोक्यावरून पुढं बघत. एक माणूस आत जाईल इतकी ती बाजूला सरकली, जरा थांबली, आणि तिनं दार पुन्हा लावून घेतलं. कडीचा आवाज झाला. मग ती साखरेचं काहीतरी बोलली, जेवणाचं बोलली, आणि प्रत्येक वेळी बोलून झाल्यावर गप्प राहिली, त्यांना पुढचं बोलता यावं म्हणून.